एक्सलचा बूट फाटलाय? घरच्या अंगणात नवा कसा बसवायचा

गाडी धुताना पुढच्या चाकाच्या रिमला आतून हात लावून बघा. बोटांना काळं, चिकट ग्रीस लागलं तर पाण्याचा पाइप बाजूला ठेवा, खाली वाका आणि एक्सलचा बूट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटवरचं घड्यांचं रबरी आवरण, तपासा. बहुतेक वेळा घडीच्या तळाशी एक चीर दिसेल आणि तिथून उडालेल्या ग्रीसचा पट्टा चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मवर, ब्रेकच्या कॅलिपरवर, मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर पसरलेला असेल.

हा रबरी बूट काही शे रुपयांचा. त्याच्या आतला जॉइंट मात्र हजारांत जातो, आणि गोव्यात फाटलेला बूट जॉइंटला फार दिवस देत नाही. माझी गाडी दर पंधरवड्याला साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढून बेळगावला जाते. एका जुलैमध्ये बूट फाटल्याचं मला दिसलं होतं, आणि 'चवथ झाली की बघू' म्हणून मी ते काम पुढे ढकललं. चवथीनंतर बूट काढला तेव्हा आत ग्रीस नव्हतं, विटकरी रंगाचा चिखल होता. जॉइंट बदलावा लागला. तेव्हापासून मी वर्षातून दोनदा बूट तपासतो, मृग लागायच्या आधी आणि चवथ झाल्यावर, आणि बदलायचा असेल तर स्वतःच बदलतो.

आत काय असतं

अँबॅसिडर, पद्मिनी या गाड्या मागच्या चाकांनी चालायच्या. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी आपल्याकडे घरोघरी पोचली. पुढचं चाक खड्ड्यात वरखाली होतं, स्टीअरिंगबरोबर वळतं आणि तरीही त्याला गिअरबॉक्सकडून सतत फिरत राहावं लागतं. म्हणून प्रत्येक शाफ्टला दोन जॉइंट असतात. चाकाकडच्या बाहेरच्या जॉइंटमध्ये सहा पोलादी गोळ्या खाचांमध्ये फिरतात. गिअरबॉक्सकडच्या आतल्या जॉइंटमध्ये बहुतेक लहान गाड्यांत तीन रोलर असतात. ते खाचांतून आतबाहेर सरकतात, म्हणून चाक वरखाली झालं की शाफ्टची लांबी जुळून येते.

दोन्ही जॉइंटना एकदा भरलेलं ग्रीस कायम पुरायचं असतं आणि ते धरून ठेवायचं काम बूट करतो. चाकाचा घेर पावणेदोन मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला ते मिनिटाला साडेपाचशेहून जास्त फेरे घेतं. स्टीअरिंग वळलेलं असेल तर प्रत्येक फेऱ्यात बुटाची प्रत्येक घडी एकदा ताणते, एकदा मिटते. घाटातल्या वळणांवर बाहेरचा बूट आधी का जातो हे यावरून लक्षात येईल. एकदा चीर पडली की फिरण्याच्या जोराने ग्रीस बाहेर उडतं आणि त्या जागी पाणी व तांबडी माती शिरते. आपल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जमिनीची ही माती बोटांत चोळून बघा, बारीक रवा लागतो. ग्रीसमध्ये ती मिसळली की गोळ्यांना आणि खाचांना पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

बूट पुरेल की जॉइंटच गेलाय?

आधी हे ठरवा, नाहीतर दिवसभराची मेहनत फुकट जाते. मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून, काच खाली करून, पहिल्या गिअरमध्ये गोल फिरवा. मग दुसऱ्या बाजूला. 'टक टक टक' असा चाकाच्या गतीबरोबर वाढणारा आवाज आला तर बाहेरचा जॉइंट झिजला आहे. नवा बूट घातल्याने तो आवाज जाणार नाही. सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताना गाडी थरथरत असेल, किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना 'धप्प' लागत असेल, तर आतल्या जॉइंटवर संशय घ्या.

आवाज नसेल तर चिरेतून थोडं ग्रीस बोटावर घेऊन चोळा. काळं आणि मऊ असेल तर वेळेत आहात. करकर लागली किंवा रंग तपकिरी, तांबूस दिसला, तर जॉइंट उघडून धुतल्यावरच निकाल लागेल. मला एका गॅरेजमध्ये जॉइंट न बघताच 'पूर्ण एक्सल घाला' असं सांगितलं होतं. आवाज नव्हता, ग्रीस काळं होतं, म्हणून मी फक्त बूट बदलले आणि तो एक्सल नंतर व्यवस्थित चालला. पूर्ण एक्सल घालायला सांगितलं तर निदान ग्रीस दाखवा म्हणा.

सामान

गाडीचं मॉडेल, साल आणि इंजिन सांगून बूट किट घ्या. डाव्या-उजव्या आणि आतल्या-बाहेरच्या बुटांची मापं वेगळी असू शकतात, म्हणून जमलं तर बॉनेटखालच्या पट्टीवरचा नंबर किंवा आरसीचा फोटो जवळ ठेवा. चांगल्या किटमध्ये बूट, मोठी आणि लहान क्लॅम्प, ग्रीसची पुडी आणि सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) येते. हबचा, म्हणजे चाकाच्या मध्यभागी शाफ्टच्या टोकावर बसणारा, नवा नट वेगळा मागा. ठोकून लॉक केलेला जुना नट पुन्हा वापरू नका. बाहेरच्या जॉइंटला मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं काळं ग्रीस हवं. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही.

उभी चीर ठेवलेले, शाफ्टभोवती गुंडाळून डिंकाने चिकटवायचे बूटही मिळतात. शाफ्ट काढायला नको म्हणून ते मोहात पाडतात. आपल्याकडच्या पावसात आणि घाटात त्या सांध्यावर भरवसा ठेवू नये असं माझं मत आहे.

हत्यारांत हबच्या नटाची गोटी (सॉकेट) लागते, बऱ्याच लहान गाड्यांत ३० किंवा ३२ मिलिमीटरची. नवा नट हातात घेऊन मोजा आणि तीच गोटी घ्या. शिवाय लांब दांडा व त्यावर चढवायला पाइप, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), सर्क्लिप प्लायर, कानवाली क्लॅम्प दाबायची पक्कड, छोटी पहार, छिन्नी, लाकडी किंवा पितळी हातोडी, गिअरबॉक्स ऑइल आणि भरपूर चिंध्या.

आणि दोन घोड्या, म्हणजे जॅक स्टँड. हे ठासून सांगतो. आपल्या अंगणात चिरे पडलेले असतात आणि हात आपोआप तिकडे जातो. चाकाला अडण म्हणून चिरा लावायला हरकत नाही, पण गाडी चिऱ्यावर टेकवून तिच्याखाली कधीही जाऊ नका. चिरा दाबाखाली न सांगता फुटतो, भिजलेला तर लवकर. नुसत्या जॅकवरही नाही. घोडी शेणाच्या किंवा मातीच्या अंगणात रुतते, म्हणून खाली जाड फळी घाला किंवा सिमेंटच्या कोब्यावर काम करा.

आधी नट, मग जॅक

गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावून उभी करा. व्हीलकॅप काढा. हबच्या नटाची कडा शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली दिसेल. ती बारीक छिन्नीने उचलून सरळ करा. शाफ्टच्या आट्यांना छिन्नी लागू देऊ नका. मग चारही चाकं जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. गाडी वर असताना इतका जोर लावला तर ती घोडीवरून सरकू शकते. नट हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल फवारून चहा घेऊन या, आणि पाइप लावून हळूहळू वजन द्या. झटके मारू नका. चाकाचे नटही आत्ताच थोडे सैल करा.

आता पुढचा भाग उचला. दोन्ही पुढची चाकं हवेत घेतली तर दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या स्टॅबिलायझर बारचा ताण निघतो आणि लोअर आर्म खाली दाबायला फारसा जोर लागत नाही. घोड्या लावा, गाडीला हाताने धक्का देऊन बघा, मगच चाक काढा.

गिअरबॉक्सचं ऑइल काढायच्या आधी ते भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. तो अडकला आणि खालून ऑइल काढून बसलात, तर गाडी जागीच राहील. तो सुटला की खालचा बोल्ट उघडून ऑइल परातीत घ्या.

शाफ्ट काढणं

ब्रेकच्या होजची क्लिप आणि एबीएसची वायर असेल तर तीही नकलवरून (हब धरणाऱ्या लोखंडी तुकड्यावरून) मोकळी करा. वायर ताणली गेली तर सेन्सर जातो. नकलमध्ये लोअर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट धरून ठेवणारा आडवा बोल्ट पूर्ण बाहेर काढा. तो बॉल जॉइंटच्या दांड्यावरच्या खाचेतून जातो, त्यामुळे अर्धवट काढून भागत नाही. पहारीने लोअर आर्म खाली दाबा, बॉल जॉइंट निसटेल. काही गाड्यांत रचना वेगळी असते, स्टीअरिंगचा टाय रॉड एंडही सोडवावा लागतो.

हबचा नट काढून पुन्हा दोन आटे चढवा, शाफ्टच्या टोकाशी बरोबर. त्यावर लाकडाचा ठोकळा धरून ठोका. शाफ्ट आत सरकला की नट काढा, नकल बाहेर ओढा आणि शाफ्टचं टोक हबमधून सोडवा. नकल ब्रेकच्या होजवर लटकू देऊ नका, तारेने वर बांधा. शाफ्ट काढल्यावर त्या चाकावर गाडी उतरवू किंवा ढकलू नका. बेअरिंग पकडून ठेवणारा दाब गेलेला असतो आणि ते खराब होऊ शकतं.

आता आतलं टोक. इथे शाफ्ट धरून ओढायचा मोह होतो आणि नेमकं तेच करायचं नाही. माझ्या पहिल्या खेपेला मी ओढला, शाफ्ट हाताशी आला आणि जॉइंटचं कप्प, म्हणजे रोलर ज्यात सरकतात ती वाटी, गिअरबॉक्समध्येच राहिलं. एक रोलर निसटला आणि त्यातल्या टाचणीएवढ्या सुया अंगणातल्या मातीत पसरल्या. संध्याकाळ त्या वेचण्यात गेली, तरी दोन सापडल्या नाहीत. म्हणून पहारीचं टोक गिअरबॉक्स आणि कप्पाच्या मध्ये घालून कप्पच उचका. ऑइल सीलला टोक लागू देऊ नका. आतली सर्क्लिप सुटली की कप्प एका झटक्यात बाहेर येतं. उरलेलं ऑइल गळेल, खाली परात ठेवा. भोकात स्वच्छ कापडाचा बोळा बसवा.

एका वेळी एकच बाजू करा. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही शाफ्ट एकदम काढले तर दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या आतले गिअर जागेवरून सरकतात, आणि मग काम अंगणातलं राहत नाही.

टेबलावर

शाफ्ट जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. काहीही कापायच्या आधी आतल्या बुटाची एका क्लॅम्पपासून दुसऱ्या क्लॅम्पपर्यंतची लांबी मोजून लिहून ठेवा. लांब शाफ्टवर मध्ये वजनाचा रबरी गोळा असेल तर त्याची जागाही रंगाने आखा.

क्लॅम्प कापा, आतला बूट मागे सरकवा. कप्प आणि शाफ्टवर एकमेकांसमोर रंगाची खूण करा, मग कप्प काढा. तीन रोलर दिसतील. त्यांच्याभोवती लगेच टेप गुंडाळा. सर्क्लिप काढा, रोलरचा तीन पायांचा तुकडा आणि शाफ्ट यांच्यावरही खूण करा, त्याची कुठली बाजू बाहेर होती ते लक्षात ठेवा आणि लाकडाने ठोकून उतरवा. आतला बूट निघेल, मागून बाहेरचाही.

बाहेरचा बूट या टोकाने का काढायचा, असा प्रश्न पडेल. काही गाड्यांत बाहेरचा जॉइंट हातोडीने ठोकून शाफ्टवरून निघतो आणि मग गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही. पण सुझुकीसह बऱ्याच जपानी बनावटीच्या गाड्यांत तो निघण्यासाठी बनवलेलाच नसतो. मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय ठोकू नका. आतल्या टोकाची ही रीत दोन्ही प्रकारांना चालते आणि दोन्ही बूट एकदम नवे होतात.

आता धुणं. सगळ्या कामात मी सर्वांत जास्त वेळ इथे देतो. जुनं ग्रीस बोटांनी, चिंध्यांनी निपटून घ्या. जॉइंट डिझेलच्या डब्यात बुडवून वाकवत, फिरवत राहा. प्रत्येक गोळी एकेक करून वर येईल अशा कोनात आणा आणि ब्रशने खाच घासा. दोन-तीनदा डिझेल बदला, डब्याच्या तळाशी तांबडा गाळ दिसायचा थांबेपर्यंत. पेट्रोल वापरू नका, ठिणगीला एवढंही पुरतं. शेवटी ब्रेक क्लीनर फवारा आणि उन्हात पूर्ण कोरडं होऊ द्या. आत राहिलेलं डिझेल नव्या ग्रीसला पातळ करतं.

कोरडा जॉइंट उजेडात धरून वाकवा. गोळ्यांवर खड्डे, खाचांत नखाला अडेल अशी पायरी, किंवा गोळ्या धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्याला तडा दिसला तर जॉइंट बदलायचा. नुसता चकचकीत पट्टा दिसला, नख अडलं नाही, तर ती वापराची खूण आहे, चालेल.

नवा बूट

शाफ्टच्या दात्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा. त्यांच्या धारेने नवा बूट आतून कापला जातो आणि ते दिसतही नाही. मग क्रम: बाहेरचा बूट, त्याची लहान क्लॅम्प, रबरी गोळा असेल तर तो, मग आतल्या बुटाची लहान क्लॅम्प आणि आतला बूट. मोठ्या क्लॅम्पही आत्ताच ओवून ठेवा, विसरलात तर सगळं पुन्हा उतरवावं लागेल.

किटमधलं ग्रीस ज्या जॉइंटचं त्यालाच वापरा, आणि पूर्ण पुडी. निम्मं बोटांनी दाबून गोळ्यांच्या मागे, खाचांच्या तळापर्यंत भरा. जॉइंट दहा-बारा वेळा सगळ्या दिशांना वाकवून पुन्हा भरा. उरलेलं बुटात. बूट जिथे बसतो ती जागा मात्र पूर्ण पुसून घ्या. ग्रीस लागलेल्या कडेवर क्लॅम्प कितीही आवळली तरी बूट सरकतो.

रोलरचा तुकडा खुणा जुळवून, होता त्याच तोंडाने बसवा. नवी सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली का ते टोकदार स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बघा. कप्पात ग्रीस भरा, टेप काढा, खुणा जुळवून आत घाला.

बुटाच्या लहान तोंडाखाली बोथट स्क्रू ड्रायव्हर क्षणभर घालून आतली हवा सोडा. हवा अडकली तर बूट फुगतो, कमी राहिली तर घड्या आत खेचल्या जातात, आणि दोन्हींत घड्या एकमेकींवर घासून फाटतात. आतला बूट मघाशी लिहून ठेवलेल्या लांबीला आणा, मगच क्लॅम्प दाबा. क्लॅम्पचा उभा कान दोन्ही बाजूंनी सारखा दाबायचा, त्याचे दोन्ही पाय तळाशी एकमेकांजवळ येईपर्यंत. पट्टीची क्लॅम्प असेल तर तिचं दुमडलेलं टोक फिरण्याच्या उलट दिशेला ठेवा. प्लास्टिकच्या टाय फार तर घरापर्यंत पोचण्यापुरत्या. शेवटी जॉइंट पूर्ण वाकवून फिरवा. बूट पिळलेला नसावा, क्लॅम्प हाताने फिरता कामा नये.

परत गाडीत

गिअरबॉक्सचं ऑइल सील बघा. ओठ कडक झालेला असेल तर आत्ताच बदला. ओठाला थोडं ग्रीस लावा, कप्प सरळ धरून आत ढकला. सर्क्लिप बसल्याचा ठोका हाताला लागतो. मग कप्प धरून, शाफ्ट नव्हे, बाहेर ओढून बघा. निघायला नको.

शाफ्ट हबमध्ये घाला. बॉल जॉइंटची खाच बोल्टच्या भोकासमोर आणून बोल्ट आरपार घाला आणि टॉर्कला आवळा. क्लिपा, वायर, होज जागेवर. नवा नट हाताने चढवा, चाक लावा, गाडी उतरवा आणि मग हबचा नट टॉर्क रेंचने आवळा. लहान गाड्यांत हा आकडा साधारण १५० ते २५० न्यूटन मीटरच्या मधला असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. कमी पडला तर बेअरिंग जातं, अंदाजाने पाइप लावून आवळलं तरीही जातं. नंतर नटाची कडा शाफ्टच्या खाचेत ठोका. चाकाचे नट आकड्याप्रमाणे, समोरासमोरचे आळीपाळीने.

खालचा बोल्ट परत बसवून आवळा आणि गिअरबॉक्स ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, वरच्या भोकातून ओघळायला लागेपर्यंत भरा. ही पातळी गाडी सपाट असतानाच बघा. ऑइल न भरता गाडी सुरू करायची नाही, म्हणून मी हे होईपर्यंत किल्ली खिशात ठेवत नाही, घरात ठेवतो.

पहिल्यांदा करताना पूर्ण दिवस धरा आणि दुपारच्या पावसाचा अंदाज बघून दिवस निवडा. जुनं ग्रीस, डिझेल, ऑइल सगळं डब्यात बंद करून गॅरेजवाल्याकडे द्या. आपल्या अंगणातलं पाणी पुढे विहिरीत किंवा व्हाळात उतरतं.

दहा किलोमीटर चालवून या, मैदानात पुन्हा पूर्ण वळणावर गोल फिरवा, काच खाली ठेवून ऐका. घरी आल्यावर चाकाचे नट पुन्हा तपासा आणि टॉर्च घेऊन बुटाच्या दोन्ही तोंडांभोवती बघा. नव्या क्लॅम्पपाशी ग्रीसची बारीक कड पुसून टाकायला हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली तर क्लॅम्प सैल आहे, ती बदला. घाटात जाऊन आल्यावर मी एकदा परत रिमला आतून हात लावून बघतो. बोटं कोरडी निघाली की काम झालं.